मीठ धरलेलं शीड

जबलपूर,
१४ मार्च १९७१

चि. गुणवंत यास आशीर्वाद.

तुझा पत्ता तुझ्या आईनं, कुंदानं दिला, पण सहजी दिला नाही. "ताई, त्याला काही वाकडं लिहू नका, त्याची ट्रेनिंग चालू आहे," म्हणाली. मी म्हटलं, सरळ लिहिता येतं तेच माझ्यासाठी पुष्कळ आहे, वाकडं कुठून लिहू? तेव्हा हे पत्र फाडू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही.

नेव्हीत भरती झालास हे ऐकलं. मला वाटलं होतं, तू आता पाण्याच्या वाऱ्याला उभा राहणार नाहीस. तू तर पाण्यातच नोकरी धरलीस.

भय्यासाहेब मुंबईहून आले ते एका हातात श्रीकांतच्या अस्थींचा कलश आणि दुसऱ्या हातात तुमच्या नावेच्या शिडाची गुंडाळी घेऊन. कलश घरात आणत नाहीत, म्हणून तो अंगणातल्या कडुनिंबाला टांगला. गुंडाळी आत घेतली. मग ते जमिनीवर बसून रडले. नौका क्लब त्यांचा, तुम्हा पोरांना नाव चालवायला त्यांनीच शिकवलेलं. मी त्यांना पाणी दिलं. श्रीकांत पलीकडच्या किनाऱ्याला लागला, तिथल्या कोळ्यांनी काढला आणि अग्नी तू दिलास, हे सगळं त्यांनीच सांगितलं. मी त्याला पाहिलं नाही. पाहू दिलं असतं की नाही, तेही माहीत नाही.

नळावर बायका म्हणतात, ज्यानं अग्नी दिला त्यानं दहावं-तेरावं करायला हवं होतं, अर्धवट टाकून कसा राहिला? मी त्यांना म्हटलं, एवढ्याशा पोरानं आपल्या दोस्ताला अग्नी दिला, तेच खूप झालं. पण त्या आणखीही एक बोलतात. म्हणतात, परियटच्या तलावात जो मासोळीसारखा पोहायचा तो बुडाला, आणि ज्याला नुसते हातपाय झाडता येत होते तो वाचला. हे कसं? नाव तर दोघांची होती.

मला तुझी पोहण्याची गत माहीत आहे. रविवारचा सराव संपला की तुम्ही पोरं मुद्दाम नावा उलट्या करायचे आणि बांधाच्या पाळीकडे पोहत सुटायचे. जो शेवटी पोहोचेल त्यानं समोसे आणायचे. श्रीकांत दर रविवारी समोसे खाऊन यायचा आणि रात्री जेवायचा नाही. मी विचारायची, आज कोणी खिलवले? "अजून कोण? गुणवंतच. काकू, तो पोहतो कुठे, तो तर पाण्याला मारतो." मला चिडवायला तो मला काकू म्हणायचा, तुझ्या आवाजात.

मुंबईला जाताना इटारसीवरून त्यानं टाकलेलं कार्ड माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय की तुम्ही शिडाची लांब गुंडाळी बर्थवर झोपवली तर टीटीनं विचारलं, "इसका टिकट कहाँ है? मुर्दा ले जा रहे हो क्या?" आणि तू म्हणालास, "नहीं साहब, सो रहा है." कार्ड माझ्या हाती आलं तेव्हा तार येऊन गेली होती.

मुंबईची शर्यत सव्वीस जानेवारीची. त्या दिवशी मौनी अमावस्या होती. मी ग्वारीघाटावर नर्मदेत आंघोळ करून आले आणि दरवर्षीसारखी सूर्य बुडेपर्यंत एक शब्द बोलले नाही. तो पाण्यात होता तेव्हा मी घरात पोळ्या करत होते, तोंड बंद ठेवून.

मला एवढंच सांग. नाव उलटल्यावर श्रीकांतनं काय केलं? तू काय म्हणालास, तो काय म्हणाला? भय्यासाहेब म्हणतात, पोरगा घाबरला आणि त्याचा हात सुटला. तो घाबरला होता का? लिही.

श्रीकांतची आई


११ जुलै १९७१

चि. गुणवंत यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. कुंदाला तुझी पत्रं येतात, ती माझ्याकडूनच वाचून घेते. तुझी मेस, तुझे बूट, भातात खडे. माझ्याबद्दल एक ओळ नसते. मी सगळं मोठ्यानं वाचते आणि शेवटी तुझं नाव वाचते.

पावसाळा लागला तशी क्लबची शिडं माझ्याकडे आली. तुला माहीत आहे, तुझे काका पासष्टच्या लढाईत दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या शेडमध्ये वारले तेव्हा मला तिथल्या शिवणखात्यात घेतलं. तोफेच्या दारूच्या पिशव्या शिवून शिवून हात जाड कापडाला पक्का झाला, म्हणून भय्यासाहेबांनी शिडं दुरुस्तीला माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. मजुरी नाही. पोराची हौस होती, आपण टाके घालायचे. दरवर्षी पावसाळ्यात घरभर निळं कापड पसरलेलं असायचं आणि श्रीकांत त्यावर पाय न देता उड्या मारत चालायचा.

यंदाही पसरली आहेत. तुमचं शीड वेगळं कळतं. मुंबईच्या पाण्याचं मीठ त्यात बसलं आहे. बाकीची शिडं दोरीवर वाळतात, हे वाळत नाही. हवेत ओल आली की ते ओलं होतं, हात लावला तर चिकट लागतं. मी ते धुतलेलं नाही.

भय्यासाहेब परवा आले. "वहिनी, यंदा जरा लवकर हात चालवा. जानेवारीत परत मुंबई आहे."

मी विचारलं, कोण जाणार?

"दिवाकर जाणार सुकाणूवर. पुढे तो गुप्ताजींचा मुलगा."

दिवाकर. तुझा धाकटा भाऊ. काल-परवापर्यंत माझ्या दारातल्या निंबोळ्या वेचायचा.

"आणि नाव उलटली तर काय करायचं, ते काय शिकवलं त्यांना?"

"जे सगळ्यांना शिकवलं तेच. पाण्यात मगर आहे, रेंगाळायचं नाही, नाव सोडायची आणि पाळ गाठायची. देखिए वहिनी, इतक्या वर्षांत तलावावर एका पोराला खरचटलं नाही."

"तलावावर नाही खरचटलं."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "श्रीकांत घाबरला, वहिनी. त्यात शिकवण्याचा काय दोष?"

मी म्हटलं, "शिडं राहू द्या माझ्याकडे. ते समोसे आणि ती पाळीची शर्यत बंद होईल तेव्हा न्या."

त्यांचा चहा तसाच राहिला. ते वाईट माणूस नाहीत, गुणवंत. पण एकदा 'हो, चुकलं' म्हटलं की त्यांना श्रीकांत आपल्या हातानं गेला असं होईल. ते कोणाला म्हणवेल?

आता मी जे वाचलं ते सांगते. श्रीकांतच्या पहिलीच्या पुस्तकात त्याच्या शेजारी बसून मी अक्षरं शिकले, तेव्हापासून वाचायचं सोडलं नाही. कळो न कळो. मंडळाच्या वाचनालयात समुद्रावरचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय की समुद्राचं पाणी तिथीनं चालतं. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी, म्हणून ओहोटीही मोठी. भरती दुपारी भरते आणि मग पाणी बाहेर ओढायला लागतं. त्या वेळी बंदरातून किनारा दिसतो, पण माणूस किनाऱ्याकडे कितीही हात मारो, पाणी त्याला घेऊन जातं. मी ते पान किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आपल्या तलावाचं पाणी कुठे जात नाही. पाळ जवळ दिसली की ती जवळच असते. तुम्ही जबलपूरची पोरं. तुम्हाला दुसरं पाणी कोणी दाखवलं होतं?

म्हणून मला वाटतं, तो घाबरला नाही. त्यानं पाळ गाठायला सुरुवात केली. तू नाव धरून राहिलास, कारण तुला पोहता येत नव्हतं. असं झालं का? हे तू सोडून कोणी सांगू शकत नाही. मी स्वतःसाठी विचारत नाही. दिवाकरसाठी विचारते.

श्रीकांतची आई


२४ ऑक्टोबर १९७१

चि. गुणवंत यास आशीर्वाद.

यंदा दिवाळीला कुंदाकडून फराळाचं ताट आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पाठवलं ते झाकलेलं तसंच परत आलं.

तुला तिनं कोणाकडून तरी लिहवून पाठवलं असेल, पण माझ्याकडून ऐक. जुलैपासून शिडं मी अडवून ठेवली आहेत. भय्यासाहेबांनी सदर बाजारातल्या एका टेलर मास्टरकडून नवं शीड शिवून घेतलं. मास्टर चांगला आहे, लग्नाचे कोट शिवतो. शीडही त्यानं कोटासारखंच शिवलं, अंगाला बसेल असं. वारा त्याच्या पोटात जाईना. पोरं सांगत होती, नाव म्हशीसारखी बसून राहिली, शेपटीसुद्धा हलवेना. दुसरं शिवायला कॅनव्हास कुठे आहे? सगळं कापड फौजेला चाललंय.

मग कुंदा आली. दिवाकर मुंबईहून नंबर घेऊन आला तर फॅक्टरीत खेळाडूंसाठीच्या जागेवर घेणार आहेत, हे तिला भय्यासाहेबांनी सांगितलेलं. ती दारातूनच बोलली, चारजणी ऐकतील असं.

"तुमचा गेला म्हणून माझ्याचं नशीब काहून अडवून राहिल्या ताई?"

मी म्हटलं, "कुंदा, आत ये. बस."

"नाही बसत. तुम्ही पुस्तकं वाचून राहिल्या, तुम्हाला सगळं कळते. मला एवढंच कळते, एक पोरगा नेव्हीनं नेला, दुसऱ्याला घरी ठेवायचं तर ही नोकरी पाहिजे. ते कापड देऊन टाका."

"तुझ्या पोराला घरी ठेवण्यासाठीच ठेवलंय."

"माझ्या पोराचं मी पाहीन," म्हणाली आणि गेली. नळावरच्या बायका आता मी आले की बाजूला सरतात. एकीनं ऐकवलं, स्वतःचं घर विझलं की माणूस दुसऱ्याच्या दिव्यावर फुंकर मारतो. मी हंडा भरून घेतला.

दिवाकरला मी एकटं गाठून समजावलं. नाव उलटली तर सोडायची नाही, धरून राहायचं, कोणीतरी येतं. तो म्हणाला, "हो काकू." सगळं कबूल. पुढच्या रविवारी मी सायकलरिक्षा करून तलावावर गेले आणि पाळीवर बसले. सदरच्या मास्टरच्या शिडावरच सराव चालला होता. शेवटी पोरांनी नावा उलट्या केल्या. सगळ्यात पहिला पाळीला कोण लागला? दिवाकर. पाण्यातून निघता निघता त्याला मी दिसले, आणि त्याचा चेहरा उतरला. "काकू, ध्यानातच नाही राहिलं. आपोआप होते ते."

त्याला मी काय म्हणू? तो खरं बोलला. सांगितलेलं कानात राहतं, सवय अंगात राहते. नाव उलटली की कान काम करत नाहीत.

म्हणून तुझ्यावाचून चालत नाही. मी बाई माणूस, नावेत कधी पाय ठेवला नाही. माझं ऐकून पोरं 'हो' म्हणतात. तू त्या पाण्यात होतास. तू धरून राहिलास आणि जगलास. पोरं तुझ्या तोंडून ऐकतील तर ते अंगात उतरेल. भय्यासाहेबही तुझ्यासमोर 'पोरगा घाबरला' म्हणणार नाहीत. रजा मिळाली की ये. माझ्या घरी येऊ नकोस हवं तर. तलावावर ये.

फॅक्टरीत आता दोन-दोन पाळ्या चालू आहेत. पिशव्या शिवून बोटं सुजतात. सगळे म्हणतात, लढाई होणार. तुझं जहाज कुठे असतं ते लिहायची मनाई असेल. नको लिहूस.

श्रीकांतची आई


१४ डिसेंबर १९७१

गुणवंत,

हे पत्र तुला मिळेल की नाही, मिळालं तर कुठे, हे माहीत नाही.

काचांना काळा कागद लावला आहे. भोंगा झाला की दिवा मालवतो आणि बसतो. आपलं एक जहाज बुडालं असं रेडिओवर सांगितलं. तुझं कोणतं ते इथे कोणालाच माहीत नाही. भय्यासाहेब स्टेशनच्या फौजी ऑफिसात जाऊन आले, तिथेही काही कळलं नाही. ते तीन दिवस आमच्या दोघींच्या दारात येऊन नुसते उभे राहतात.

दोघींच्या म्हणते, कारण कुंदा माझ्याकडे आहे. रेडिओवर सांगितलं त्या संध्याकाळी ती आली, चुलीपाशी बसली. मी भाकरी टाकली, ती तिनं खाल्ली. मग म्हणाली, "जहाज बुडते तेव्हा पोरं काय करतात ताई?"

मी म्हटलं, "जे शिकवलं असेल ते करतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी धरला. त्यानंतर शिडांबद्दल ती एक शब्द बोललेली नाही. आज सकाळी मी कामावरून आले तर तिनं ती सगळी घडी घालून पेटीवर ठेवली होती. तुमचं तेवढं वेगळं ठेवलं होतं. तिलाही हाताला ते चिकट लागलं असणार.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी रागावलेली नाही. ते खरं नव्हतं. तुझं नाव वाचताना प्रत्येक वेळी मला वाटायचं की याच्या जागी तो असता. तुझी पत्रं तुझ्या आईला वाचून दाखवताना वाटायचं. आता रेडिओ ऐकते आणि वाटतं, तू नाव धरून बैस. काहीही असो, फळकूट असो, पिंप असो, धर आणि सोडू नकोस, आणि किनारा दिसला तरी जाऊ नकोस.

लढाई संपली आणि तू असलास तर ये. सोळा जानेवारीला पौष अमावस्या आहे, तीच मौनी. श्रीकांतचं वर्षश्राद्ध. गुरुजी म्हणतात, अग्नी ज्यानं दिला त्यानं करावं. मला श्राद्धाचं फार नाही. पण त्या दिवशी रविवार आहे आणि रविवारी पोरं तलावावर असतात.

विनताकाकू


३० जानेवारी १९७२

चि. गुणवंत यास अनेक आशीर्वाद.

तू गेलास त्याला पंधरवडा झाला. जाताना फलाटावर तू दिवाकरला म्हणालास, "काकू एक शब्द बोलल्या नाहीत." त्यानं येऊन मला सांगितलं. हे पत्र त्याचं उत्तर आहे.

मौनी अमावस्येला मी बोलत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू आणि श्रीकांत मला हसवायला पाहायचे, माकडचेष्टा करायचे. तू त्या दिवशी तलावावर आलास, पायातले बूट काढून हातात घेतलेस आणि माझ्या पायाला हात लावून म्हणालास, "काकू, बोला काहीतरी." मी ओठावर बोट ठेवलं. पण खरं लिहायचं तर मौन सूर्यास्ताला सुटलं. तुझी गाडी त्यानंतर होती. स्टेशन लांब नाही. मी घरी बसून राहिले. मौन सुटल्यावरही माझ्याकडे शब्द नव्हते, आणि ते मौनाच्या पदराखाली झाकता आलं.

तू बोलत होतास तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहत होते. तू जे सांगितलंस ते मी नीट ऐकलं का, हे तुला कळावं म्हणून परत लिहिते. चुकलं तर सांग.

वळणावर वारा आला आणि नाव उलटली. तुम्ही दोघं वर आलात आणि दोघं हसत होतात. श्रीकांत म्हणाला, "चल, पाळ." तू म्हणालास, "लांब आहे भाऊ, माझ्याच्यानं होत नाही." तो म्हणाला, "मग समोसे तुझ्याकडे," आणि सुटला. तू उलट्या नावेला धरून बघत राहिलास. तो जोरात हात मारत होता आणि मागे मागे जात होता. तुला गंमत वाटली. तू ओरडलास, "अरे, उलटा कुठे चालला? आज तर मी जिंकून राहिलो." त्यानं हात वर केला. तू हसलास. मग तो आणखी लांब गेला आणि त्यानं परत हात वर केला. तू परत हसलास.

इथे पोरं खाली बघत होती. भय्यासाहेबांनी काठी पाळीत रोवून धरली होती. मग तू म्हणालास, तो दुसऱ्यांदा वर केलेला हात हसण्यासाठी नव्हता, हे तुला मोटरबोट आली तेव्हा कळलं. तिनं तुला काढलं आणि त्याला शोधत फिरली, तेव्हा.

म्हणून तू वर्षभर लिहिलं नाहीस. मी विचारत होते तो घाबरला का, आणि तुझ्याकडे तो हात आणि ते हसणं होतं.

आता माझं ऐक. मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. माफ करावं असं तू काही केलेलं नाहीस. तू तलावावरच्या रविवारसारखा हसलास, कारण तुझ्यासाठी तो रविवारच होता. त्याच्यासाठीही होता, पहिल्या हातापर्यंत. पण तो दुसरा हात मला दिसतो. भाजी चिरताना दिसतो, मशीनवर दिसतो. तुलाही दिसत असेल. तो आपल्या दोघांना दिसत राहणार. तू त्याच्यामागे गेला असतास तर आज कुंदा आणि मी, दोघी एकाच कडुनिंबाखाली बसलो असतो. ते मला नको होतं. डिसेंबरात कळलं की नको होतं.

आणि तो घाबरला नव्हता, निदान सुरुवातीला तरी. समोसे म्हणून गेला. ते तू मला दिलंस.

तू निघून गेल्यावर पुढच्या रविवारी भय्यासाहेबांनी पोरांना पाळीवर बसवलं. मला बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, "अब से नाव कोई नहीं छोड़ेगा. उलटी तो उलटी, पकड़ के बैठो. जो छोड़ेगा, वो मुंबई नहीं जाएगा." एक पोरगा म्हणाला, "और मगर?" ते म्हणाले, "मगर से मैं बात करूँगा." पोरं हसली. ते हसले नाहीत. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, मीच शिकवलं त्याला." मी घरून नेलेल्या तांब्यातलं पाणी त्यांना दिलं.

शिडं मी देऊन टाकली. तुमचं द्यायच्या आधी धुतलं. कुंदा आणि मी दोघींनी मिळून, मोठ्या टपात. पहिलं पाणी मी जिभेवर घेऊन पाहिलं, खारट होतं. पाणी बदलत गेलो, चव बघत गेले, शेवटी आपल्या नळाचं पाणी नळासारखं लागलं. मग दोरीवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते बाकीच्यांसारखं वाळलं. कुंदानं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "झालं." फाटलं होतं तिथे मी दुहेरी शिवण घातली. दिवाकर तेच घेऊन जाणार आहे. लढाईमुळे शर्यत पुढे गेली, मार्चमध्ये आहे.

आज मी परत तलावावर गेले होते. दिवाकरनं मुद्दाम नाव उलटी केली. गुप्ताजींचा मुलगा एकीकडून धरून, हा दुसरीकडून. पाळ इतकी जवळ होती की मी साध्या आवाजात हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मला दिसत होतं की त्याचे पाय सुटायला बघत होते. तो पाळीकडे बघायचा, मग नावेकडे. सुटला नाही.

मग त्यानं एक हात वर केला.

पाळीवर सगळी पोरं होती, कोणी हसलं नाही. तलावावरच्या केवटानं डोंगा लोटला आणि वल्ही मारत सरळ त्याच्याकडे गेला. भय्यासाहेब कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते, बुटांसकट.

दिवाकर बाहेर आला तो चिडलेला. "काकू, तुम्ही लोक पण ना. मी तर मजाक करून राहिलो होतो."

मी त्याचं डोकं पुसलं आणि म्हटलं, असू दे.

तुझी काकू